गरिबीचे नूतनीकरण

आपल्याकडे नुसते गरीब असून भागत नाही. तहसीलदाराला ते मान्य व्हावे लागते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर उत्पन्नाचा दाखला हवा, डोमिसाईल हवे, रेशनकार्ड हवे, मध्ये वर्ष गेले असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र हवे. सेतू केंद्रातल्या रांगेत बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो. (तो उत्पन्नातून वजा होत नाही.)

या शिष्यवृत्ती योजनेला नाव राजर्षी शाहू महाराजांचे. त्यांनी 1901 साली कोल्हापुरात बोर्डिंग काढले तेव्हा ओटीपी नव्हता, ही त्या पोरांची पूर्वपुण्याई.

अर्ज गेला की तो कॉलेजच्या क्लार्ककडे मुक्काम करतो. मार्चमध्ये परत येतो: ‘कागदपत्र अस्पष्ट’. तोवर कॉलेज म्हणते, आधी फी भरा, शासनाचे पैसे आले की परत देऊ. म्हणजे फी भरायला पैसे नाहीत म्हणून मदत, आणि मदत मिळेपर्यंत फी भरायला पैसे हवेत! हे सूत्र इंजिनिअरिंगच्या कुठल्याच सेमिस्टरला शिकवत नाहीत.

दुसऱ्या वर्षी पुन्हा नूतनीकरण. वर्षभरात बाप कारखानदार झाला नाही ना, याची सरकारला काळजी. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात शंभर टक्के शुल्कमाफी आहे. निर्णय चांगलाच, पण कागदांना सवलत नाही.

तेव्हा पोरांनो, शासनाचे पैसे ज्यात यायचे ते बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, ते आजच बघून घ्या.