गुळगुळीत टाचांचा माज

आमच्या येरमाळ्याला येडाईच्या डोंगराच्या पायऱ्या चढताना पुढच्या माणसाच्या टाचा नेमक्या आपल्या डोळ्यांसमोर येतात. चपला खाली काढलेल्या, हातात नारळ, तोंडात आईचा उदो आणि नजर दुसऱ्याच्या टाचेवर, असा माझा भक्तिमार्ग आहे. आयुष्य शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलं. निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष ही खोड देवीच्या दारातही सुटत नाही. उभ्या भेगा आणि त्यांत मुरलेली काळी माती दिसली की समजावं, सोयाबीन आणि तूर. भेगांच्या कडा पांढऱ्याफटक असल्या की गवंडीकाम. आणि टाच गुलाबी, गुळगुळीत दिसली की एक तर पुण्याहून आलेली सून, नाही तर पतसंस्थेचा संचालक.

माझी टाच मात्र माझ्या हुद्द्याशी बेइमान होती. पेन्शन मुख्याध्यापकाची आणि टाच रोजंदारीवरची. अंगावर कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, लोक वाकून 'नमस्कार सर' म्हणतात. आणि वाकल्यावर त्यांना दिसतं काय, तर हे. रात्री कूस बदलली की टाचेत चादर अडकायची आणि खर्र असा आवाज व्हायचा. 'चादर फाडायला तुम्हाला कात्री लागत नाही,' असं बायको पाहुण्यांसमोर कौतुकाच्या सुरात सांगायची.

शेवटी बार्शीच्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी जेलची एक ट्यूब लिहून दिली. सॅलिसिलिक आम्ल, ६ टक्के. ते नाव वाचलं आणि निवृत्त झालेला मास्तर पुन्हा कामावर रुजू झाला. एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्रज पाद्र्याने १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं होतं की विलोच्या झाडाची साल वाळवून, कुटून दिली तर थंडीताप उतरतो. १८३८ मध्ये राफाएल पिरिया या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने त्या सालीतल्या द्रव्यापासून हे आम्ल मिळवलं. पुढे हेर्मान कोल्बेने ते कारखान्यात करायची वाट दाखवली, १८९७ मध्ये फेलिक्स हॉफमनने त्याचं अ‍ॅस्पिरिन केलं... इथवर आलो तेव्हा बायको म्हणाली, "ते सगळं खरं. लावायचं किती?"

लावायचं थोडं. इथेच आपल्या लोकांचा विरस होतो. झोंबलं नाही तर औषध कसलं, अशी आपली श्रद्धा. टाचेच्या भेगेत बिब्ब्याचं गरम तेल सोडणारी माणसं आपण. बिब्बा उतला की आठवडाभर अंग सुजवून घेणारी. कुरूप दिसलं की रुईचा चीक हजर. हे आम्ल त्या मानाने सरकारी कारकुनासारखं आहे: घाई केली की फाइल फाटते, वाट पाहिली की काम होतं. आपल्या टाचेवर मेलेल्या पेशींचा जो जाड थर असतो, त्यातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या असतात. आम्ल ती पकड सैल करतं, बस्स. रात्री पाय पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवायचे, टिपून कोरडे करायचे, जाड कातडीवरच पातळ थर द्यायचा, आजूबाजूच्या चांगल्या कातडीला आधी व्हॅसलीन फासायचं, वर मोजा घालून झोपायचं आणि सकाळी धुऊन टाकायचं. भेगेतून रक्त येत असेल तर ती भरेपर्यंत हात लावायचा नाही. फार आग झाली तर थांबायचं. लावून झालं की हात धुवायचे, नाही तर तोच हात डोळ्याला जातो. काही जेलमध्ये अल्कोहोल असतं, म्हणून लावल्या लावल्या चुलीपुढे पाय शेकत बसायचं नाही. आणि नरम पडली टाच की रोज लावायचा नाद सोडायचा.

ट्यूबसोबतचा सगळा कागद भिंगातून वाचला. अंगभर फासलं आणि वर प्लास्टिक गुंडाळलं तर औषध रक्तात उतरतं. मग मळमळ, चक्कर, जोराचा श्वास आणि कानात शिट्टी. यांतली शिट्टी मला अवघड वाटली. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत डीजे वाजून गेल्यावर अख्ख्या येरमाळ्याच्या कानात शिट्टी असते. औषधाची कोणती आणि भक्तीची कोणती, हे कोणता डॉक्टर सांगणार?

आता टाच घासायच्या वजरीबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. वाचकांना घाई असेल तर त्यांनी हा परिच्छेद सोडावा. मी सोडणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'वजरीने खरवडू नका.' माझ्या काळजाला घरं पडली. आमच्या न्हाणीघरात पितळेची वजरी आहे, आजीच्या लग्नातली. वर मोर, खाली खरबरीत पाट, आणि पोटात बारीक खडे असावेत, कारण टाच घासताना ती खुळखुळते. आजी न्हायला बसली की अंगणापर्यंत ते वाजायचं आणि पुरुष मंडळी मान खाली घालून लांबून जायची. म्हणजे टाच घासणं ही खासगी गोष्ट, पण वर्दी जाहीर! पुण्याला दिनकर केळकरांचं संग्रहालय आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे केळकर. वारलेल्या लेकाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी घराघरातले दिवे, अडकित्ते आणि हो, वजऱ्या गोळा केल्या. राजेरजवाड्यांच्या तलवारी तर कोणीही जमवतो. बायकांच्या टाचा घासायच्या वस्तूला काचेआड बसवायला कवीच लागतो. शाळेची सहल नेली होती तेव्हा मी त्या कपाटापुढे इतका वेळ उभा राहिलो की मुलं मस्तानी महाल बघून परत आली. तिथल्या एकाही वजरीला आमच्या मोराची सर नाही, हे मी तेव्हा पहाऱ्यावरच्या माणसालाही सांगितलं. त्याने मला पुढे व्हायला सांगितलं.

तर वजरी बंद. एकाच वेळी आम्ल आणि घासणी म्हणजे कातडीवर दुहेरी मार. महिनाभरात टाच अशी निघाली की मी घरातही मोजे घालणं सोडलं. आमच्या गावी यात्रेला लाखो माणसं रानातून चुनखडीचे खडे वेचतात, देवीची पालखी आमराईत जाते त्या वेळी. चुनखडीवर लिंबू पिळलं की फसफसतं, हा प्रयोग मी वर्षानुवर्षं पाचवीला दाखवला. अशा चुन्याच्या गावात आम्लाचं महत्त्व सांगणारा मी एकटाच, असं मला वाटू लागलं. पारावर बसलो की पाय जरा लांब सोडायचे आणि कोणी विचारतंय का याची वाट बघायची.

विचारलं. ट्यूब कशी लावायची, ते एकाने विचारलं. मी म्हणालो, "साखर आहे का?"

"चहाला व्हय?"

"रक्तात, रक्तात!"

त्याला माहीत नव्हतं. त्याने तशीच एक ट्यूब आधीच कुठून तरी आणलेली होती. देणाऱ्याने पैसे मोजून घेतले आणि सुटे नाहीत म्हणून वर गोळ्या दिल्या, पण एवढा एक प्रश्न विचारला नाही. इथे मात्र माझी गंमत संपते. मधुमेहात पाय बधिर होतात, रक्त पायापर्यंत नीट पोचत नाही. आम्लाने चांगली कातडी खाल्ली तरी कळत नाही, जखम चिघळते, आणि मग बोट, पाऊल, पाय असा तो हिशेब चालतो. कुरुपावर चिकटवायच्या गोल पट्टीत तर हेच आम्ल ४० टक्के असतं, आणि ती बिस्किटाच्या पुड्यासारखी कोणीही कोणालाही देतं. साखर असलेल्याने, पोटुशी बाईने, अ‍ॅस्पिरिन सोसत नाही त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय याला हात लावू नये. तान्ह्या लेकराला तर नाहीच. एवढं वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

मला राग येतो, कारण आमच्या घरात सगळ्यात फुटलेल्या टाचा आईच्या आहेत, आणि साखरही तिलाच आहे. बांधावरून, काटवणातून, खुरपणीच्या तासातून ती उभं आयुष्य बिनचपलेची चालली. नवस म्हणून तुळजापूरलाही तशीच. चपलेचे पैसे कुठे गेले ते मला ठाऊक आहे, मी त्यांवरच बी.एस्सी. झालो. ज्या टाचांनी काही केलं नाही त्या ट्यूबने गुळगुळीत झाल्या, आणि जिथे खरं काम आहे तिथे ती ट्यूब चालत नाही.

म्हणून तिला फक्त व्हॅसलीन. डॉक्टरांनी रोज तळवे बघायला सांगितलेत, तिला वाकवत नाही, तेव्हा रात्री मी बॅटरी घेऊन बसतो. प्रत्येक भेग, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. पहिल्या दिवशी ती पाय आखडून घेत होती.

"आरं, पाया पडतूस का पेपर तपासतूस?"

"तपासतोय. हलू नको."

"किती मार्क?"

डाव्या टाचेला काठावर पास केलं. तर ती म्हणाली, "तुझ्या टाचा लई गोऱ्या दिसाय लागल्यात. काय कामधंदा करत नाहीस वाटतं." आणि मग, मी व्हॅसलीनची डबी बंद करत होतो तेव्हा, "उद्या मळ्यातली मावशी आन् तिची जाऊ येणार हायत पाय दाखवाय. दोघींनाबी साखर हाय. बॅटरी चार्जिंगला लाव, आन् मोजे काढून बसू नगंस त्यांच्यापुढं, उगं हसतील."