पिकल्या केसांचा नवशिका

परदेशात गाडी भाड्यानं देणाऱ्याला तुमचे केस किती पिकलेत याच्याशी कर्तव्य नसतं. त्याला पिकलेला परवाना लागतो. माझे केस पुरेसे पिकलेले आहेत. परवाना मात्र ह्या पाडव्याचा होता, आणि गणपती बोळवून आम्ही नवराबायको स्कॉटलंडला निघालो होतो.

अठ्ठावन्नाव्या वर्षी परवाना कशासाठी, हे डोंबिवलीकराला सांगावं लागत नाही. ज्याला सकाळची फास्ट लोकल पकडता येते त्याला दुसरं कुठलंही वाहन यायची गरज नाही, या तत्त्वावर मी अख्खी नोकरी काढली. निवृत्तीनंतर तत्त्व रिकामटेकडं झालं आणि खात्यात प्रॉव्हिडंट फंड आला, तेव्हा गाडी घेतली. शिकवायला आलेले सर माझ्या मुलापेक्षा लहान. "काका, आरसा. काका, इंडिकेटर. काका, स्टेअरिंग धरा, नमस्कार नंतर." यातलं शेवटचं फडके रोडला, गणपतीच्या देवळासमोर. सरांच्या पायाशी त्यांचा एक जादा ब्रेक होता, त्यामुळे माझा ब्रेक किती वेळेवर लागतो याचं मला बरेच दिवस कौतुक वाटत होतं. पुढे शिकाऊ परवाना, मग कायद्याप्रमाणे तीस दिवस कळ काढणं, मग ट्रॅकवरची परीक्षा, आणि शेवटी पोस्टमनच्या हातून पक्का परवाना. हिनं तो देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. त्यातलं थोडं कुंकू फोटोतल्या माझ्या कपाळाला लागलं, ते काही केल्या गेलं नाही.

स्कॉटलंड निवडताना माझा हिशेब पक्का होता. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, आणि पाहुण्याला त्याच्या देशातल्या परवान्यावर बारा महिने गाडी चालवायची मुभा असते. तरी जास्तीची खबरदारी म्हणून आरटीओत हजार रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवानाही काढला. ही १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार मिळणारी पुस्तिका. वर्षभर चालते, मूळ परवान्याचा मजकूर परक्या भाषांत सांगते, आणि मूळ परवाना जवळ नसला तर तिला कुणी विचारत नाही. माझ्या पुस्तिकेला तो जवळ असतानाही कुणी विचारलं नाही, पण ते पुढे.

बुकिंगच्या वेळी कंपनीनं चालकाचं वय तेवढं विचारलं होतं. पंचविशीच्या आतल्यांना जादा आकार होता. इतक्या वर्षांत वयाचा रकाना मी एवढ्या समाधानानं कधी भरला नव्हता.

इनव्हर्नेसचा विमानतळ आटोपशीर आहे. विमानातून उतरून गाडीच्या खिडकीशी पोचायला वेळ लागत नाही; वेळ लागतो तो खिडकीपासून गाडीपर्यंत. खिडकीमागे बाविशीतला, लालसर दाढीचा एक पोरगा होता. मी लॅमिनेट केलेली फाईल उघडली: पासपोर्ट, व्हिसा, बुकिंग, विमा, पुस्तिका. त्यानं सगळं हळूच बाजूला सारलं आणि फक्त परवाना उचलला. कुंकवाच्या ठिपक्यावर नख फिरवून पाहिलं. तो सरकारी शिक्का असावा अशा समजुतीनं त्यानं त्याचा आदर केला.

"हा कधीचा?"

"मार्चचा."

"कुठल्या सालच्या मार्चचा?"

"गेल्याच. म्हणजे ह्याच."

त्यानं माझ्या केसांकडे पाहिलं, मग परवान्याकडे, मग पुन्हा केसांकडे. एवढा मोठा माणूस आतापर्यंत काय करत होता, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटला होता. "सॉरी सर. परवाना हातात येऊन किमान एक वर्ष व्हावं लागतं."

"पण तुमचं सरकार मला चालवू देतं!"

"सरकार देतं, सर. विमा देत नाही."

बुकिंगच्या पानावर तर वय विचारलं होतं, असं मी म्हणालो. वयाबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती, माझं वय उत्तम आहे असं तो म्हणाला. मग निदान दुसरा चालक म्हणून तरी नाव घाल, म्हटलं. दुसऱ्याला नियम तोच. जास्त पैसे देतो, म्हटलं. त्यानं मान हलवली. तरुण माणूस असता तर जास्त पैसे घेता आले असते. नवशिक्याकडून घ्यायची सोयच नव्हती. गंमत बघा. त्या पोराला त्याच्याच दुकानातली गाडी हवी असती तर जादा आकार भरून का होईना, मिळाली असती. मी तीन पौंड काय, तीनशे मागितले असते तरी देणारा, पण मला मिळणार नव्हती.

नवशिक्याकडे जग संशयानं बघतं याला कारणं असतील, मी नाही म्हणत नाही. तिथल्या १९९५ च्या कायद्यात नव्या चालकाला पहिली दोन वर्षं जामिनावर सोडल्यागत वागवतात. तेवढ्यात सहा दंडगुण जमले की परवाना रद्द, पुन्हा शिकाऊपासून सुरुवात. जपानात तर १९७२ पासून नवशिक्यानं वर्षभर गाडीवर हिरवंपिवळं पान चिकटवायचं असतं, आणि सत्तरी ओलांडलेल्यांसाठी वेगळी खूण आहे. मी परवाना आणखी बारा वर्षं लांबवला असता तर तिकडे माझ्या गाडीवर दोन्ही लागल्या असत्या. पण जपानी माणूस खूण चिकटवून का होईना, तुम्हाला रस्त्यावर तर येऊ देतो! इथे मी फाईल घेऊन उभा, मागे वाढती रांग, आणि रांगेत कमरेला स्वेटर बांधलेला एक जर्मन दर मिनिटाला सुस्कारा टाकत होता. विजेवर चालल्यासारखा, एका तालात.

इतका वेळ ही बाकावर बसून चकली खात होती. पर्स झाकून उठली, खिडकीशी आली आणि म्हणाली, "अहो, सरका जरा. त्याला माझा दाखवू."

पर्सच्या आतल्या कप्प्यातून तिनं परवाना काढला. पहिल्यांदा दिल्याचं साल १९९४, कोल्हापूर. पोरानं तो दोन्ही हातांनी घेतला. तो जन्मायच्या आधीपासून ही बाई रस्त्यावर होती. "मॅडम," तो म्हणाला, आणि त्या मॅडममध्ये मला दिलेले सगळे सर फिके पडले. शेवटची गाडी कधी चालवली, हे त्यानं विचारलं नाही. त्याच्या फॉर्मवर तो प्रश्नच नव्हता. असता तर उत्तर होतं: लग्नाआधी, माझ्या सासऱ्यांची, म्हणजे तिच्या आप्पांची प्रीमियर पद्मिनी, गियर स्टेअरिंगलाच असलेली.

मी मराठीत म्हणालो, "अगं, तू तीस वर्षं चाक धरलेलं नाहीस."

"त्यानं विचारलंय का?"

मला शेवटची आशा क्रेडिट कार्डाची होती. अनामत रक्कम अडकवायला कार्ड गाडी घेणाऱ्याच्याच नावावर लागतं. नवऱ्याचं चालत नाही. पोरानं हे सांगितलं तेव्हा मी विजयी मुद्रेनं हिच्याकडे पाहिलं. हिनं त्याच कप्प्यातून एक निळं कार्ड काढलं, मशिनीत खुपसलं आणि पिन दाबला. मशिन पसंतीनं वाजलं.

"हे कधी काढलंस?"

"तुम्ही आयपीएल बघत होता तेव्हा."

काच आणि टायर विम्यात धरलेले नाहीत, ओरखडा निघाला तर पहिला हजारेक पौंडांपर्यंतचा खर्च आपला, टाकी भरून द्यायची, असं सगळं त्यानं तिला सांगितलं. सह्या तिनं केल्या. मला त्यानं पुस्तिका परत दिली, न उघडता.

गाडी मी ऑटोमॅटिक मागवली होती. हिचा पहिला प्रश्न, "गियर नाही? मग डाव्या हातानं करू काय?" पार्किंगमध्ये तिनं सावकाश चकरा मारल्या. मी डावीकडे बसून पायानं रबरी पायपुसणं दाबत होतो. हिचा डावा हात मात्र राहून राहून पद्मिनीची दांडी शोधायला स्टेअरिंगमागे जाई आणि तिथे जी दांडी सापडे ती ओढी. त्यासरशी पुढचे दिवे लकाकत. आपल्याकडे दिवे मारले की अर्थ एकच: हट, मी येतोय. तिकडे लोक त्याचा अर्थ घेतात, या, तुम्ही आधी. त्यामुळे इनव्हर्नेसच्या बाहेर पडेपर्यंत समोरचा प्रत्येक जण हात वर करून हिचे आभार मानत होता. "माणसं किती चांगली आहेत हो," ती म्हणाली. मी काही बोललो नाही. तीन चौकांतली वाहतूक तिच्या दातृत्वावर चालली होती.

अ‍ॅकनशीनच्या पुढे डोंगर, तळी, मेंढ्या. सुंदर आहेत. फोटो बघा.

लॉककॅरन ओलांडून टॉर्नाप्रेसला पोचलो तेव्हा रस्त्याकडेला एक भलाथोरला फलक दिसला. इथून अ‍ॅप्लक्रॉसला जाणारा बेलाख ना बा घाट सुरू होतो: उंची २,०५३ फूट, चढ पाचास एक, हेअरपिन वळणं. खाली सूचना: शिकाऊ चालक, फार मोठी वाहनं आणि कॅरव्हॅन यांनी पहिल्या मैलापुढे जाणं इष्ट नाही. सत्तरच्या दशकात किनाऱ्याचा रस्ता होईपर्यंत पलीकडच्या लोकांना गाडीनं यायला हीच वाट होती. हिनं फलक सावकाश वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मी शिकाऊ नाही," मी म्हणालो. "पक्का आहे."

"मी कुठे काय म्हटलं?"

रस्ता एका गाडीपुरता. मध्येमध्ये एकमेकांना वाट द्यायला रुंद जागा असतात, तिथे पाटी असते. जागा आपल्या डावीकडे असली तर तिच्यात शिरायचं, उजवीकडे असली तर तिच्यासमोर आपल्या बाजूलाच थांबायचं. हे मला तोंडपाठ होतं आणि मी दर वळणाला ऐकवत होतो. वरच्या वळणांशी पोचलो आणि वरून एक पांढरी कॅम्परव्हॅन आली, फलकावर जिला येऊ नको म्हटलं होतं नेमकी तसली. चढणाऱ्याला आधी वाट, हा नियम तिथेही आहे आणि आपल्या घाटांतही. मागे व्हॅननं जायचं होतं. व्हॅनवाल्या गृहस्थानं दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलले आणि काचेआडून आम्हाला दाखवले. त्याला रिव्हर्स जमत नव्हता. आमच्या डाव्या हाताला दरी होती. तिचं वर्णन मी करणार नाही, कारण मी तिकडे पाहिलं नाही.

"माझ्या सीटला टेकू नका," ही म्हणाली. डावा हात तिनं माझ्या सीटच्या पाठीवर टाकला, मान मागे वळवली आणि गाडी मागे घेऊ लागली. पडद्यावर कॅमेरा टिवटिव करत होता. तिनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वळण मागच्या मागे उतरून तिनं गाडी रुंद जागेत अशी ठेवली, की मला दार उघडायला जागा होती. व्हॅन हळूहळू गेली. गृहस्थानं छातीवर हात ठेवला.

"हे कुठे शिकलीस?"

"पन्हाळ्याला. आप्पा मुद्दाम घाटात थांबवायचे. म्हणायचे, समोरच्याला जमत नसलं तर आपण मागं यायचं, त्यात काय. येष्टी आली की तिलाही वाट मीच द्यायची."

लग्न होऊन ती डोंबिवलीला आली तेव्हा घरात गाडी नव्हती, गाडी ठेवायला जागा नव्हती आणि लागतही नव्हती. मुदत संपली की ती दर वेळी आरटीओत जाऊन परवाना नवा करून आणायची. चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखलाही जोडावा लागतो, तोही जोडायची. ओळखपत्र म्हणून असेल, असं मी समजत होतो. पण आधार आल्यावर ती सबबही उरली नव्हती. मी विचारलं, चालवायला काही नसताना कशाला करत राहिलीस गं?

"राहू दे म्हटलं," ती म्हणाली आणि गाडी पुन्हा चढाला घातली.

वर वारा होता. समोर रासे आणि स्काय बेटं दिसली. उरलेली चकली तिनं तिथेच संपवली.

त्यानंतर सहल मजेत झाली, म्हणजे तिची झाली. मला कामं वाटून दिली होती: पार्किंगची नाणी, मेंढ्या हाकलणं आणि गप्प बसणं. शेवटच्या दिवशी टाकी भरायला मात्र मी हट्टानं उतरलो. गाडी हाती लागायची ती शेवटची संधी. तिकडे भरून द्यायला कुणी नसतं; आपणच आधी भरायचं आणि मग आत दुकानात जाऊन पैसे द्यायचे. पेट्रोलची नळी हिरवी, डिझेलची काळी. मी हिरवी उचलली, टाकीत घातली आणि ती भरेपर्यंत एक हात कमरेवर ठेवून असा उभा राहिलो, की पाहणाऱ्याला वाटावं, गाडी हाच चालवतो.

आत गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं, "पंप नंबर?"

मी बाहेर पाहिलं. चालकाच्या सीटवरून हिनं काचेतून चार बोटं दाखवली.