हाफ-ट्रॅकला उघडते दार बसविण्याविषयी सूचना

टेबलावर मांडलेल्या लुटुपुटीच्या युद्धात चिलखती गाडीचे दार उघडावे लागत नाही. ‘सैनिक उतरले’ असे खेळाडूने जाहीर करायचे आणि ते गाडीशेजारी मांडायचे. दार उघडल्याने गुण मिळत नाहीत, तोफेचा पल्ला वाढत नाही, फाशाचे दानही बदलत नाही. एवढे वाचून ज्यांना हायसे वाटले त्यांनी तयार किट विकत आणावे. पुढील मजकूर उरलेल्यांसाठी आहे.

प्रथम गाडी निवडावी. दुसऱ्या महायुद्धातला जर्मनांचा ‘२५१’ हा हाफ-ट्रॅक या कामाला उत्तम. पुढे चाके, मागे रणगाड्यासारखे पट्टे, पोटात दहा सैनिक आणि पाठीमागे दोन झडपांचे दार. त्याच्या आधीच्या आवृत्त्यांची पाठ बाहेर फुगलेली असे; १९४३ पासूनच्या ‘डी’ आवृत्तीत कारखान्याची मेहनत वाचावी म्हणून ती सपाट केली. जे कारखान्यांना जड गेले ते आपल्याला जेवणाच्या टेबलावर जमेल, असे समजू नये. ‘डी’च घ्यावी. या गाडीला छत नाही, त्यामुळे दार उघडल्यावर जे दिसणार ते वरून आधीच दिसत असते. या मुद्द्यावर फार विचार करू नये.

आता थोडे गणित. २८ मिलिमीटरच्या सैनिकांसाठी साधारण १:५६ हे प्रमाण धरतात. खऱ्या गाडीची लांबी ५.८ मीटर, म्हणजे आपली जेमतेम साडेदहा सेंटिमीटर. खऱ्या गाडीच्या बाजूचा पत्रा ८ मिलिमीटर. आपल्या प्रमाणात तो ०.१४ मिलिमीटर, म्हणजे जाडसर कागद. कागदाला बिजागरी लागत नाही. म्हणून अर्धा मिलिमीटर जाडीची पॉलिस्टायरीन शीट आणावी. तिच्यामुळे चिलखत आपोआप २८ मिलिमीटरचे होते. जर्मन सैन्याला हे सुख मिळाले नव्हते.

शीट आरपार कापू नये. स्टीलची पट्टी धरून कटरने दोनदा ओरखडा काढावा आणि वाकवावी; कटकन सरळ तुटते. भाग जोडायला प्लास्टिक विरघळवणारे पातळ सिमेंट वापरावे. सांगाड्याला एक संध्याकाळ पुरते. दारासाठी पावसाळा राखून ठेवावा.

बिजागरीसाठी औषधाच्या दुकानातून १८ गेजची कोरी इंजेक्शनची सुई आणावी. तिचा बाहेरचा व्यास १.२७ मिलिमीटर, आतला ०.८४. दुकानदाराने कशासाठी विचारल्यास ‘हाफ-ट्रॅकसाठी’ हे खरे उत्तर देऊ नये. टोक आधी मोडून टाकावे. मग त्रिकोणी कानशीने खाचा पाडून तीन तुकडे करावेत: वरचा आणि खालचा चौकटीचा, मधला दाराचा. तिन्हींतून ०.७ मिलिमीटरची तार ओवावी आणि मगच ते चिकटवावेत. आधी चिकटवून नंतर तार ओवू पाहणाऱ्याला तीन भोके कधीही एका रेषेत मिळत नाहीत. दुसऱ्या झडपेसाठी हे सगळे पुन्हा, आरशात पाहिल्यासारखे उलटे.

सुपरग्लू मुळीच वापरू नये. तो बारीक फटीत आपणहून शिरतो आणि दार कायमचे बंद करतो; किल्ला सुरक्षित होतो, पण आपला हेतू तो नव्हता. तारेला व्हॅसलिन चोळावे आणि घट्ट इपॉक्सी टूथपिकने लावावे.

हिशेब केल्यास ही बिजागरी खऱ्या मापात ७ सेंटिमीटर जाड निघते. ती पत्र्याच्या जाडीत लपवण्याचा मोह आवरावा. आस आत गेला की दाराची बाहेरची कड चौकटीवर अडते, मग ती घासावी लागते आणि फट पडते. जाड तर जाड, बिजागरी बाहेरच शोभते.

रंग देताना तार उपसून दारे वेगळी करावीत. रंगापूर्वी लोण्यासारखी फिरणारी झडप दोन हातांनंतर हलत नाही, म्हणून चौकटीत ०.३ मिलिमीटर मोकळे सोडावे. खऱ्या मापात ही १७ मिलिमीटरची फट होते आणि त्यातून शत्रूचे बोट सहज आत जाईल. आपला शत्रू सुदैवाने फासे टाकण्यात गुंतलेला असतो.

या छंदाला परंपरा आहे, याचा आधार घ्यावा. एच. जी. वेल्स यांचे लुटुपुटीच्या युद्धाचे पुस्तक ‘लिटल वॉर्स’ १९१३चे. त्यात स्प्रिंगची तोफ खरोखर सैनिक पाडत असे. ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ १९८७ मध्ये आला, तेव्हाच्या काळात डिओडरंटच्या रिकाम्या डबीचा उडता रणगाडा करायला तो काढणाऱ्या कंपनीनेच शिकवले. तोफेला काम होते, डबीला निदान काटकसरीचे कारण होते. दाराचे समर्थन ज्याने त्याने शोधावे.

सैनिक दारातून बाहेर काढून दाखवण्याचा प्रयत्न करू नये. तो २५ मिलिमीटरच्या चकतीला चिकटलेला असतो. खऱ्या जगात हा जवळजवळ १.४ मीटरचा गोल ओटा झाला. तो पायाला बांधून दोन बाकांच्या मधून कोणीही उतरलेले नाही.

सामन्याला जाताना चिमटा आणि जादा तार खिशात असावी, कारण गाडी पाहणारा प्रत्येकजण विचारण्याआधीच झडपेत नख घालतो. आपली पाळी आली की दार उघडावे, प्रतिस्पर्ध्याचे लक्ष आहे याची खात्री करावी आणि सैनिक नेहमीप्रमाणे बाजूला मांडावेत. त्याने पाहिले नसल्यास पुढच्या पाळीला सगळे पुन्हा आत चढवावेत आणि त्यानंतरच्या पाळीला नव्याने उतरवावेत. तोवर टेकडी शत्रूने घेतली तर घेऊ द्यावी.