कोरसमधला रिषभ

मिरजेच्या माणसाला गाता येत नाही, हे कुणाला पटतच नाही. गावात तंबोरे होतात, मीरासाहेबांच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या आठवणीत रात्र-रात्र गाणं चालतं, तेव्हा तिथं वाढलेल्या मुलीच्या गळ्यात काहीतरी असणारच, असा हिशोब. लग्नानंतर सासरच्यांनी “म्हणा की एखादं” असा आग्रह धरला होता. मी म्हटलं. तो आग्रह त्या घरात पुन्हा कधी झाला नाही.

नवऱ्याच्या नोकरीपायी बिऱ्हाड इस्तंबूलला हललं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. इथं मिरज कुणाला माहीत! पण वरच्या मजल्यावरच्या आब्लाला (तुर्कीत आब्ला म्हणजे ताई) मिरजेची गरजच नव्हती. भारतातली बाई म्हणजे गाणारी, हे तिच्या पिढीनं राज कपूरच्या ‘आवारा’वरून केव्हाच ठरवून टाकलेलं. एका संध्याकाळी तिनं माझा दंड धरला आणि मला उस्कुदारच्या एका सांस्कृतिक केंद्रात नेऊन उभं केलं. तिथं तिचा कोरस होता. अभिजात तुर्की संगीताचा.

असे हौशी कोरस इस्तंबूलमध्ये मोहल्ल्यामोहल्ल्यांत आहेत. निवृत्त दंतवैद्य, वकील, औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई, शाळेच्या माजी मुख्याध्यापिका अशी सगळी हिशेबी माणसं दिवेलागणीला जमतात आणि विरहाची गाणी म्हणतात. शिकवणाऱ्या होजांनी मला दोन सूर लावायला सांगितले, मान हलवली आणि “बसा” म्हणाले. ती मान होकाराची होती की दुःखाची, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

मला बरं वाटलं ते एका गोष्टीचं. युरोपातल्या कोरसमध्ये चार गट चार वेगवेगळ्या ओळी गातात. इथं तसं काही नाही. बायका-पुरुष सगळे एकच चाल गातात, फार तर सप्तकाचा फरक. पट्टीसुद्धा तडजोडीची, बायकांना खाली आणि पुरुषांना वर, म्हणजे दोघांचीही सारखीच अडचण. तीस-पस्तीस माणसं एकच चाल गाताहेत म्हटल्यावर एका गळ्याला लपायला काय हवं? पण भातातला खडा जिभेला सापडावा तसा होजांना नको तो गळा सापडतो.

आम्ही हिजाझ मकाम शिकत होतो. मकाम म्हणजे त्यांचा राग. सा, कोमल रे, शुद्ध ग, मध्यम. वर चढताना अहिर भैरवाची वाट, उतरताना बरेचदा धैवतही कोमल होऊन बसंत मुखारीची. ते स्वर कानावर पडताच माझ्यातली मिरज जागी झाली. भैरवाचा रिषभ आपल्याकडे अतिकोमल, आंदोलन देत देत लावायचा. मी तो लावला. लहानपणी आमच्या गाण्याच्या बाईंनी ज्याच्यासाठी माझ्यापुढे डोकं आपटून घेतलं होतं, तो रिषभ त्या दिवशी अगदी जागच्या जागी लागला. होजांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. “कुणीतरी उतरतंय.”

भानगड अशी की हिजाझचा रिषभ भैरवाच्या नेमका उलट बाजूला असतो, किंचित चढा. आणि गंधार किंचित उतरा. दोघं एकमेकांकडे सरकलेले. तुर्की शास्त्रात पूर्ण स्वराचे नऊ भाग करतात, एकेका भागाला कोमा म्हणतात. सप्तकात असे 53 कोमा. हिजाझमधल्या रिषभ-गंधारात 12 कोमांचं अंतर हवं. होजा तर्जनी आणि अंगठा यांच्यामध्ये एक कोमा धरून दाखवतात. त्यातून उजेडही जात नाही. जन्मात एकदा माझा अतिकोमल रिषभ लागला आणि तो जिथं लागला तिथं नको होता.

मी बावीस श्रुतींचा विषय काढून बघितला. आब्लानं तो मोठ्या अभिमानानं सगळ्या वर्गाला सांगितला. होजा म्हणाले, “आमच्याकडे सप्तकाचे 24 विभाग आहेत.” विषय दोन श्रुतींनी हरून मिटला. पण हे गणित ज्यांनी विसाव्या शतकात नीट बसवलं त्यांची नावं ऐकली तेव्हा माझा जीव रमला. हुसेयिन सादेत्तिन आरेल, सुप्ही एझ्गी आणि सालिह मुरात उझदिलेक. पहिले वकील, दुसरे लष्करी डॉक्टर, तिसरे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. हसायचं कारण नाही. आपल्याकडे बावीस श्रुतींवर 1910 साली इंग्रजीत पुस्तक लिहिणारे कृष्णाजी बल्लाळ देवल सांगलीचे, आणि पेशानं डेप्युटी कलेक्टर. सूर लावून दाखवायला त्यांना अब्दुल करीम खाँसाहेब लाभले होते. गवई गात असतात, मोजायला बसतात ते असे. आमचा कोरस बघितला की मला वाटतं, हे संगीत एखाद्या दिवशी फक्त निवृत्त डॉक्टर-वकिलांच्या भरवशावर टिकणार आहे, आणि चांगलं टिकेल.

मोजलेलं तरी लिहिल्याप्रमाणे गावं! उश्शाक मकामात दुसरा स्वर कागदावर एक कोमा उतरवलेला असतो. गाताना तो त्याहून खाली जातो. किती खाली? औषधवाल्या बाईंनी वही उघडून, पेन सरसावून हाच प्रश्न विचारला. त्यांचा सगळा जन्म मापात गेलेला. होजा म्हणाले, “माझ्या गुरूंकडून आला तितका.” बाईंनी पेन मिटलं. मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. दरबारीचा गंधार नेमका कुठं, असं विचारल्यावर आमच्या बाईही असंच काहीतरी बोलून चहा ठेवायला आत जायच्या.

जुन्या काळी कागदच नसत. गुरूसमोर बसायचं, दोन्ही गुडघ्यांवर ताल वाजवत चीज घोकायची, पाठ होईपर्यंत. याला मेश्क म्हणतात. उजवा हात उजव्या गुडघ्यावर ‘द्युम’, डावा डाव्यावर ‘तेक’. होजा जुन्या वळणाचे असल्यामुळे आमचेही गुडघे कामाला लागले. वास्तविक कोरसचं सरासरी वय बघता गुडघे वगळायला हवे होते. झेंजिर नावाचा एक ताल आहे, त्याचं एक आवर्तन 120 मात्रांचं. 16, 20, 24, 28 आणि 32 मात्रांचे पाच ताल एकापुढे एक जोडलेले. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, आवर्तन संपून समेवर येईपर्यंत सुरुवात कुणी केली होती तेच विसरायला होतं.

मग एकदा सात मात्रांचा ताल आला. तीन, दोन, दोन. नाव देव्र-इ हिंदी. सगळा कोरस वळून माझ्याकडे बघू लागला, जणू मी तो माहेराहून डब्यात घालून आणलाय. आणि होता तो आपल्या रूपकासारखाच, तीन-दोन-दोन! मी ऐटीत टाळी धरली. पण रूपकाची पहिली मात्रा खालीची. तिथं आपला हात हवेत उघडतो. देव्र-इ हिंदीची पहिली मात्रा म्हणजे दणदणीत द्युम. सगळ्यांचे उजवे हात गुडघ्यांवर आपटले, तेव्हा माझा एकटीचा हवेत होता. शेजारच्या वकीलसाहेबांना वाटलं मला काही विचारायचंय. त्यांनी होजांना थांबवलंसुद्धा.

मात्र एका बाबतीत मी सगळ्यांना मागे टाकलं. तुर्की स्वरलिपीत कागदावर ‘रे’ लिहिलेला असतो आणि रूढ पट्टीत वाजतो तो पियानोवरचा ‘ला’. लिहिल्यापेक्षा सगळं चार स्वर खाली. दंतवैद्य लहानपणी पियानो शिकलेले. त्यांना ही अप्रामाणिक वागणूक सहनच होत नाही, ते दर ओळीला कण्हतात. मला काही फरक पडला नाही. आपला सा काळी एकपासून पांढरी पाचपर्यंत कुठंही मुक्काम करतो. “तुम्हाला त्रास कसा होत नाही?” असं दंतवैद्यानं मला विचारलं, तेव्हा इतक्या वर्षांची फिटंफाट झाली.

जाणकारांना विचाराल तर ते म्हणतील, हा कोरस हाच मुळी खरा प्रकार नव्हे. राजवाड्यात, मेवलेवी दर्व्हिशांच्या मठांत हे संगीत मोजक्या मंडळींचं; प्रत्येक जण आपापल्या नक्षीनं गाणार. 1934 साली तर सरकारनं रेडिओवरून हे संगीत बंदच केलं, आधुनिक देशाला शोभत नाही म्हणून. 1936 पर्यंत लोक कैरो स्टेशन लावून बसायचे. (आपण हसू नये. आपल्या रेडिओनं 1940 मध्ये पेटीला दारातून परत पाठवलं होतं.) बंदी उठल्यावर मेसूत जेमिल यांनी अंकारा रेडिओवर शिस्तबद्ध कोरस उभा केला. सगळे एका श्वासात, एका नक्षीत. मेसूत जेमिल म्हणजे तंबुरी जेमिल बे यांचे चिरंजीव, आणि बाप वादनात कुणाच्या शिस्तीत बसणारा नव्हता. पुढे 1975 मध्ये सरकारी अभिजात कोरस निघाला; तो उभा करणारे नेवझाद आत्लीही शिक्षणानं डॉक्टर. शुद्धतावादी अजून कुरकुरतात की कोरसनं गवयाचा स्वभाव मारला. मारला असेल. पण ज्यांना स्वभाव आहे आणि गळा नाही, त्यांची सोय आधी कुणी केली होती?

माझी सर्वांत मोठी सोय तेरेन्न्युममध्ये होते. जुन्या रचनांत शब्द संपले की ‘तेन नेन, या ला’ अशी निरर्थक अक्षरं सुरू होतात, आपल्या तराण्यासारखी. तुर्की शब्दांत माझे ओठ ‘उ’ आणि ‘इ’च्या मध्ये अडकून पडतात. तराणा लागला की मी मोकळी. तिथं माझा आवाज चढतो आणि आब्ला कोपरानं ढोसते.

वार्षिक कार्यक्रमात कुठले मकाम घ्यायचे हे चहा निवेपर्यंत ठरलं. बायकांच्या झग्यांचा रंग ठरायला हिवाळा गेला. जांभळ्याचे दोन पक्ष होते, गर्द आणि फिका. मंगळागौरीच्या साड्या ठरवताना बघितलेली माणसं मला इथं परक्या भाषेत पुन्हा भेटली. सोलो कुणाला, हा प्रश्न होजांनी शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडलाच नाही, कारण उघडला असता तर अर्धा कोरस घरी बसला असता.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. कानून, नेय, ऊद, तंबूर. आम्ही गर्द जांभळ्यात. जुन्या काळचे रचनाकार देदे एफेंदी यांच्या रास्त मकामातल्या रचनेपासून सुरुवात झाली, सगळं कोमाच्या मापात. आणि मग हिजाझमधलं एक लोकप्रिय गाणं आलं, ज्याचं ध्रुवपद तिथं प्रत्येक घरातल्या बाईला पाठ असतं. दुसऱ्या फेरीला श्रोते गाऊ लागले. पहिल्या रांगेतल्या एक थोराड आजी तर अशा सुटल्या की ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती. त्यांचा रिषभ माझ्यापेक्षाही खाली होता. आब्लानं माझ्याकडे बघितलं, मी होजांकडे. होजा वळले, आमच्याकडे पाठ केली आणि दोन्ही हात पसरून श्रोत्यांनाच गायला लावू लागले. “कुणीतरी उतरतंय” असं काही ते म्हणाले नाहीत. उलट आजींकडे बघून त्यांनी छातीवर हात ठेवला.