सबूतभाऊ

चंद्रपुरात पहाटे दुर्गापूर-पद्मापूरच्या रस्त्याला सायकली दोन प्रकारच्या दिसतात. एक खाणीतल्या पहिल्या पाळीला निघालेल्यांच्या, दुसऱ्या पोट उतरवायला निघालेल्यांच्या. पहिल्याच्या हँडलला डबा असतो, दुसऱ्याच्या हँडलला वेग, अंतर आणि जळालेल्या कॅलरी दाखवणारं यंत्र. पहिल्याच्या अख्ख्या सायकलीच्या पैशात दुसऱ्याची फार तर सीट येते, आणि तीही एवढी अरुंद, की बघून पहिल्यालाच हळहळ वाटावी. या दुसऱ्या प्रकारात अलीकडे एक पोटजात वाढलीय : सायकलला कॅमेरा लावावा की लावू नये या विचारात असलेला माणूस. तो लावणारा नसतो, न लावणाराही नसतो. विचारात असतो. आमच्या वॉर्डातल्या अशा गृहस्थांना सगळे सबूतभाऊ म्हणतात. त्यांचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय.

सबूतभाऊ थर्मलमध्ये नोकरीला. ‘चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्र, २९२० मेगावॅट’ एवढं लांबलचक फक्त ते म्हणतात. बाकी गाव थर्मल म्हणून मोकळं होतं. पुराव्याशिवाय बोलायचं नाही हा त्यांचा बाणा. गॅसचं सिलिंडर दारातच ताणकाट्याला टांगून त्याचा व्हिडिओ काढतात. लग्नाला गेले की आहेराच्या पाकिटात नोट घालतानाचा फोटो, म्हणजे पुढे पाकीट रिकामं होतं असं कोणी म्हणायला नको. घरातल्या पहिल्या फ्रिजचं गॅरंटी कार्ड अजून फायलीत आहे. फ्रिज गेला, दुकान गेलं, कंपनीही गेली, कार्ड आहे.

असा स्वभाव व्हायला गावही थोडं जबाबदार आहे. चंद्रपुरात वाघ प्रत्येकाला दिसलेला असतो, त्यामुळे कोणाचाच वाघ कोणी नीट ऐकून घेत नाही. तुम्ही ‘काल जुनोन्याच्या रस्त्याला...’ एवढं म्हणेपर्यंत समोरच्याचा वाघ लोहाऱ्याच्या वळणावर येऊन बसलेला असतो, आणि तो तुमच्या वाघापेक्षा हमखास मोठा असतो. वाघ खोटा मात्र नाही. थर्मलच्या आवारात तो येतो, बिबटेही येतात. २०२२ च्या फेब्रुवारीत तिथल्या एका कामगाराचा वाघाने जीव घेतला, आणि पुढच्याच रात्री दुर्गापुरात एका पोराला बिबट्याने नेलं. त्या दिवसांत टपरीवर कोणी वाघाचा विनोद केला नाही. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या बायाबापड्यांना तर दरसाल या भीतीचं मोल द्यावं लागतं. सबूतभाऊ हे जाणून आहेत. म्हणून वाघाच्या बाबतीत ते कॅमेऱ्याचा विषय जरा हळू आवाजात काढतात.

मोठ्या आवाजात काढतात तो ट्रकच्या बाबतीत. त्यांचं खरं वैर कोळशाच्या ट्रकशी. ट्रक मागून येतो, कानाशी हॉर्न देतो, कोपराला वारा घालून पुढे जातो, आणि मग ताडपत्रीच्या फटीतून जी काळी पूड खाली येते ती सबूतभाऊंच्या पांढऱ्या जर्सीवर बसते. दुसरं वैर एसटीच्या खिडकीशी. विदर्भात खर्रा खाणारा प्रवासी खिडकीतून पिचकारी टाकताना खाली रस्ता आहे एवढंच धरून चालतो, रस्त्यावर कोणी आहे हे धरत नाही. तिसरं वैर पावसाळ्यात डांबर कोरडं म्हणून मधोमध ठाण मांडून बसणाऱ्या गुरांशी. पण गुरांवर तक्रार करता येत नाही आणि मालक सापडत नाही. तर, या सगळ्यांचा पुरावा असायला पाहिजे.

‘लंडनमध्ये बीबीसीचा जेरेमी व्हाइन हेल्मेटला कॅमेरा लावून सायकल चालवतो,’ सबूतभाऊ टपरीवर सांगतात. ‘वेल्समध्ये तर नागरिकांनी पाठवलेल्या व्हिडिओवरून पोलीस दंड करतात. लांब कशाला जाता? गोव्यात २०१७ साली योजना निघाली, वाहतुकीचे नियम मोडणाऱ्याचा फोटो पाठवा, गुण मिळवा, गुणांचे पैसे घ्या.’

‘मंग गोव्याले जा ना गा,’ टपरीवाला चहा गाळता गाळता म्हणतो.

टपरीवर विरोधी पक्षही आहे. त्याचे पुढारी एक निवृत्त मास्तर. त्यांचा मुद्दा ठरलेला. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटे १९८५ साली पोरापोरींना घेऊन ‘भारत जोडो’ला निघाले, कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत सायकली गेल्या, तेव्हा कोणाच्या डोक्यावर कॅमेरा होता? सबूतभाऊ म्हणतात, तेव्हा एवढे ट्रक नव्हते. मास्तर म्हणतात, तेव्हा एवढी पोटंही नव्हती. इथे चर्चा वैयक्तिक पातळीवर उतरते आणि तर्रीपोह्यांची दुसरी प्लेट येते.

समजा लावायचा ठरलाच, तर कुठे? हा प्रश्न सबूतभाऊंनी दोन हिवाळे पुरवला. हँडलवर लावला तर चंद्रपूरच्या रस्त्यावर चित्र असं हादरतं, की बघणाऱ्याला भूकंपाचा पुरावा वाटावा. हेल्मेटवर लावला तर मान वळेल तिकडे कॅमेरा वळतो. सीटखाली मागे लावला तर ट्रक येताना दिसेल, पण पुढचं काही दिसणार नाही. पुढे एक आणि मागे एक, अशा दोन कॅमेऱ्यांचा विचार त्यांच्या मनात आला तो थेट वनखात्याकडून. वाघ मोजताना जंगलात पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे उजव्या अंगावरच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. एकाच बाजूचा फोटो मिळाला तर एक वाघ दोनदा मोजला जायची भीती. ‘मग ट्रकलाही दोन बाजू असतात,’ सबूतभाऊ म्हणाले. हा युक्तिवाद वहिनींनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, ‘ट्रकला पाठीमागे नंबर असतो ना? तो वाचता येत नाही का?’ येत नाही. नंबरप्लेटवर कोळशाची एवढी जाड साय असते, की आरटीओलाही तो नंबर फक्त अंदाजाने सांगता यावा. म्हणजे कॅमेरा लावला तरी जे डोळ्याला दिसत नाही ते त्यालाही दिसणार नाही. सबूतभाऊंनी विषय बदलला.

आकड्यांचं त्यांना वेड. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले, ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले, गिनीज बुकात नोंद झाली, हे ते तोंडपाठ सांगायचे. त्यात वाघाचे किती, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा ७६,६५१ हा आकडा सांगताना त्यांचा आवाज किंचित खाली आला. सरकारची ही गत, तर आपल्या एका कॅमेऱ्याची काय, असं टपरीवर कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

मग ऊन. एका चांगल्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत त्यांनी वाचलं, की तो ३५ अंशांपर्यंत चालवावा. चंद्रपुरात ३५ अंश म्हणजे फेब्रुवारी संपता संपता अंगावरचा स्वेटर काढायची सूचना. मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो, तेव्हा माणसं चालतात, कूलर चालतात, कोळशाचे ट्रक चालतात. कॅमेरा मात्र पडद्यावर थर्मामीटरचं चित्र दाखवून बंद पडतो. म्हणजे वर्षातून चार महिने पुरावा रजेवर.

तरी गेल्या हिवाळ्यात त्यांनी एका मित्राचा कॅमेरा उसना घेतला आणि चौघांबरोबर वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात गेले, आष्टीहून आलापल्लीच्या दिशेनं. इकडे कोळशाची काळी धूळ, तिकडे सुरजागडच्या लोहखनिजाची लाल धूळ. संध्याकाळपर्यंत पाचही जण ओळखू येईनासे झाले. वाटेत शाळेच्या पोरींचा घोळका लागला, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर, तिघी-तिघी जोडीनं, ट्रक आला की एका ओळीत, ट्रक गेला की पुन्हा जोडीनं, गप्पा न तोडता. एकीने सबूतभाऊंच्या हेल्मेटकडे बघून विचारलं, ‘काका, डोक्शावर काय बसलं जी?’ बाकीच्या सायकली सांभाळून हसल्या. सबूतभाऊ त्यांना सुरक्षेचं महत्त्व सांगू लागले तोवर त्या पुढे निघून गेल्या होत्या. गिअर नसलेल्या सायकलींवर.

त्यापुढे एका पोलीस मदत केंद्राजवळ जवानाने हात केला. ‘काहून जी साहेब, इथं काय शूटिंग करून रायले?’ स्वर अदबीचा होता, बंदूक मोठी होती. सबूतभाऊंनी आधारकार्ड, थर्मलचं ओळखपत्र, मित्राकडून कॅमेरा उसना घेतल्याची त्याच्या सहीची चिठ्ठी, असं सगळं बाहेर काढलं. एवढे कागद सोबत बाळगणारा माणूस बघून जवानाचा संशय उलट वाढला. वास्तविक जवानाचं चुकलं नव्हतं. ज्या जिल्ह्यात इतकी वर्षं बंदुका दोन्ही बाजूंनी बोलल्या, तिथे ठाण्याच्या दारातून चालू कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला कोणीही विचारणारच. कॅमेरा पिशवीत गेला आणि परतीच्या वाटेवर पिशवीतच राहिला.

परत आल्यावर त्यांनी स्वतःचा कॅमेरा घेतला. एवढे सगळे मुद्दे विरोधात गेल्यावर माणूस निर्णय घेतो, तो असा.

पहिला आठवडा हेल्मेटवर. त्या आठवड्यात त्यांची सायकल चालवण्याची रीतच बदलली. सिग्नलला थांबले की ‘आता मी सिग्नलला थांबलो आहे’ असं मोठ्यानं म्हणायचे. गाय दिसली की ‘समोर गाय, रंग तांबडा’. शेजारून जाणारा दूधवाला दचकायचा. ते घरी आल्यावर वहिनींनी चित्रण पाहिलं, तर डॉक्टरांनी तळलेलं बंद केलेल्या माणसाची नजर सांबारवडीच्या परातीवर किती वेळ खिळलेली असते हे तासा-मिनिटा-सेकंदासह कळलं.

दुसऱ्या आठवड्यात एका ट्रकने खरोखर घासलं. कोपर खरचटलं. सबूतभाऊंच्या चेहऱ्यावर वेदनेपेक्षा समाधान जास्त होतं. अखेर पुरावा! त्यांनी कायदा काढला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेला भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम ६३, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र, त्याचे अ आणि ब असे दोन भाग, त्यात हॅश व्हॅल्यू. हॅश व्हॅल्यू म्हणजे काय, हे विचारायला ते सातबारा काढून देणाऱ्या पोराकडे गेले. पोरगा म्हणाला, ‘काका, झेरॉक्स दोन रुपये.’ शेवटी कोणाकडून तरी सगळं भरून घेऊन, फाईल करून, ते ठाण्यात गेले. मूळ चित्रण अखंड द्यायचं, कापायचं नाही, हे त्यांनीच हवालदाराला बजावून सांगितलं. हवालदारानेही ते अखंड पाहिलं. अगदी सुरुवातीपासून. जटपुरा गेटाजवळच्या कोंडीत उलट्या बाजूनं शिरणारी सायकल, एका म्हातारीने ओरडून काढलेलं त्यांच्या घराण्याचं नाव, लाल सिग्नल, आणि मग बऱ्याच वेळाने ट्रक.

‘सर,’ हवालदार म्हणाला, ‘तक्रार दोघांवर लिहू, का एकावर?’

त्या संध्याकाळी कॅमेरा हेल्मेटवरून उतरला आणि सीटखाली मागच्या बाजूला गेला. मागच्या कॅमेऱ्यात आपण काय करतो ते दिसत नाही, जग काय करतं तेवढंच दिसतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात त्यांनी घेतलेला हा एकच समजूतदार निर्णय. पहिल्या पाळीला जाणाऱ्या एका खाणकामगाराने, रोजच्या ओळखीने, त्यांना वाटेत विचारलंही : ‘मांगून वाघ आला तं?’

‘रेकॉर्ड होईल ना.’

‘मंग थे पाहीन कोन जी?’

आणि वाघ आला. मागून नाही, पुढून. मोहर्लीच्या रस्त्याला, आगरझरीच्या अलीकडे, सकाळी उजाडता उजाडता, रस्त्याच्या कडेला उभा. सबूतभाऊंनी पुढे काय झालं ते टपरीवर सांगितलं : वाघाने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी वाघाच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं, प्रसंगावधान राखून सायकल वळवली, वाघ दोनशे मीटर मागे लागला, तेव्हा त्यांनी शेवटचा गिअर टाकला. टपरीवर पहिल्यांदाच कोणी आपला वाघ मध्ये आणला नाही. मास्तरांनी फक्त एवढंच म्हटलं, ‘मागे कॅमेरा होता ना? तुम्ही वळलात म्हणजे वाघ बरोबर त्याच्या समोर आला. दाखवा.’

सबूतभाऊ म्हणाले, कार्ड करप्ट झालं.

पण कार्ड करप्ट होण्याआधी वहिनींनी ते टीव्हीला लावून शेजारच्या चार जणींना दाखवलं होतं, आणि वॉर्डात त्यानंतर काही झाकून राहिलं नाही. चित्र स्वच्छ आलंय. वाघ उत्तम आलाय, डावी बाजू, पट्टे मोजून घ्यावेत. सायकल वळताच तो कॅमेऱ्यात येतो, जांभई देतो, शेजारच्या झाडाच्या बुंध्यावर शेपटी उचलून आपली हद्द मारतो आणि उलट दिशेनं जंगलात निघून जातो. सबूतभाऊंकडे तो एकदाही बघत नाही. आवाजही स्वच्छ आलाय. त्यात सायकलची साखळी ऐकू येते आणि सबूतभाऊ कोणाला तरी कळवळून सांगताना ऐकू येतात : ‘पोरीचं शिक्षण व्हायचंय हो! सोसायटीचं कर्ज आहे अजून!’

कॅमेरा आता वहिनींच्या स्कूटीला आहे. सबूतभाऊ रोज जातात, बिनकॅमेऱ्याचे. दिवाळीपर्यंत वाघ दोनशे मीटर मागे लागला होता. परवा टपरीवर ऐकलं, तेव्हा त्याचा पंजा कॅरिअरला लागला होता.