यादी पाहून आजारी पडा

जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना घरच्यांचा औषधोपचार फुकट असतो, असा समज गावोगावी आहे. "तुम्हाला काय, सगळं सरकार देतं," असं पारावर कोणीतरी ऐकवतं आणि गुरुजी कसनुसं हसतात. समज अगदीच खोटा नाही. सरकार देतं. फक्त आधी गुरुजींनी भरायचं, मग प्रस्ताव करायचा, मग वाट पाहायची आणि दरम्यान रुग्णाने आपल्या जबाबदारीवर बरं व्हायचं. याला वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती म्हणतात.

खासगी दवाखान्यात जायचं तर वाटेल तो आजार चालत नाही. त्यासाठी 19 मार्च 2005 चा शासन निर्णय आहे आणि त्यात 27 आकस्मिक आणि 5 गंभीर आजारांची यादी आहे. यादी वाचनीय आहे. हृदयविकाराचा झटका आहे, उष्माघात आहे, प्राणिदंशाने होणारी विषबाधा आहे. कान, नाक, घशात अडकलेली वस्तूही आहे. हे कलम पहिलीच्या वर्गावर दिवस काढलेल्या कोणीतरी आग्रहाने घालून घेतलं असावं. दुर्दैव इतकंच, की चिंचोका अडकतो तो विद्यार्थ्याच्या नाकात, आणि विद्यार्थी गुरुजींच्या कुटुंबाच्या व्याख्येत बसत नाही. गुडघा मात्र या यादीत नाही. बरोबरच आहे, फळ्यासमोर तीस वर्षं उभं राहून झिजलेल्या गुडघ्याला आकस्मिक कोण म्हणेल? सावित्रीबाई फुले 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. तोही आजार यादीत शोधून पाहिला. नाही.

शिक्षिकांसाठी शासनाने वैकल्पिक प्रश्न ठेवलाय. विवाहित बाईंनी आई-वडील किंवा सासू-सासरे यांपैकी एकच जोडी निवडायची. पेपर कार्यालयात लिहायचा, निकाल स्वयंपाकघरात लागतो.

आता प्रस्तावाकडे वळू. परिचयातल्या एका गुरुजींच्या पत्नीची अँजिओप्लास्टी झाली. यादीतला आजार, म्हणजे नशीबच म्हणायचं. पैसे उभे राहिले शिक्षक पतसंस्थेच्या कर्जातून. मग अत्यावश्यकता प्रमाणपत्र (बायकोचं हृदय अत्यावश्यक होतं, असं डॉक्टरांनी लेखी दिलं), डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, औषधांचा तारीखवार गोषवारा, प्रपत्रं, असा गठ्ठा टॅग लावून निघाला. मुख्याध्यापक, पंचायत समिती, जिल्हा परिषद, जिल्हा शल्यचिकित्सक. फाइलने जितका जिल्हा पाहिला तितका गुरुजींनी निवडणूक ड्यूटीतही पाहिला नव्हता. मग ती परत आली. त्रुटी होती. मेडिकलच्या एका बिलावर डॉक्टरांची सही होती, शिक्काही होता; पण शिक्का सहीवर पडल्यामुळे सही वाचता येत नव्हती. डॉक्टरांची सही शिक्का नसता तर वाचता आली असती, असं मानणारा आशावादी माणूस आपल्या प्रशासनात आहे, याचं मला खरोखर कौतुक वाटलं.

त्रुटीची पूर्तता होईतो मार्च उलटला आणि शेरा आला: अनुदान उपलब्ध नाही. पतसंस्थेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पगारातून व्याजासकट कापला जात होता, आणि त्यात एकदाही त्रुटी निघाली नाही. ते व्याज प्रतिपूर्तीत धरत नाहीत. थोडक्यात, गुरुजींनी शासनाला बिनव्याजी रक्कम वापरायला दिली आणि तिचं व्याज स्वतः भरलं.

म्हणून शहाणे गुरुजी गपचूप खासगी फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराचा एकत्र आरोग्यविमा काढतात. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाच्या वयावर बसतो. सत्तरीतल्या वडिलांचं नाव घातलं की विम्याच्या दृष्टीने सगळं घर सत्तरीचं होतं. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी नियामकाला विचारावं, असा आदेश जानेवारी 2025 मध्ये निघाला. म्हणजे 10 टक्के न विचारता वाढवता येतात. आठवीचं चक्रवाढ व्याज शिकवणाऱ्याला पुढचं सांगायला नको. आठ वाढींत हप्ता दुपटीच्या वर जातो.

सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणून पाप घेणार नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी शून्यावर आणला. मग गुरुजींना वाटलं, सगळ्यांनी मिळून गटविमा काढावा, स्वस्त पडेल. गटविम्यावर कर तसाच आहे. शिक्षक एकत्र आले की सरकारला पूर्वीपासूनच जरा धास्ती वाटते. हप्त्यावर आयकरात वजावट मिळायची, ती जुन्या कररचनेत अजून आहे. नव्या रचनेत नाही, आणि आपण काही कळवलं नाही तर नवीच लागू होते.

नव्याने लागलेल्या पोरांची गोष्ट आणखी सरस. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढायची. प्राथमिकला महिना 16,000 रुपये मानधन. 2023 पूर्वी तर 6,000 होतं. त्यातून आईवडिलांचा विमा काढायला गेलं, की कंपनी म्हणते, आधीपासूनच्या आजाराला 36 महिने थांबा. तरुण मास्तरची नोकरी आणि त्याच्या आईचा मधुमेह हे दोन्ही एकाच सुमारास कायम होतात.

कॅशलेस उपचारांची शिक्षक संघटनांची मागणी जुनी आहे, आणि ती अशक्य आहे असंही नाही. महाराष्ट्र पोलिसांना त्यांच्या कुटुंब आरोग्य योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत खिशात हात न घालता उपचार मिळतात. पोलिसांकडे दंडुका असतो. गुरुजींकडे छडी होती, ती 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने काढून घेतली.

ज्या राज्याला मतदार याद्यांपासून जनगणनेपर्यंत प्रत्येक कामाला गुरुजी तातडीने सापडतात, त्याला गुरुजींचं बिल मात्र सापडत नाही, हे काही पैशाच्या टंचाईचं लक्षण नाही. तेव्हा गुरुजी, बाई, फाइल हलेपर्यंत पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख तेवढी चुकवू नका. वार्षिक हप्त्याला पुढे तीस दिवसांची सवलत मिळते, पण हप्ता भरेपर्यंतच्या त्या दिवसांत दवाखान्यात दाखल झालात, तर त्या खर्चाचा दावा मंजूर होत नाही.