टाइम ऑफिसचे भाऊसाहेब

भोसरी असो, चाकण असो की वाळूज, कारखान्याच्या गेटाला लागून जी खिडकी असते तिच्यामागे एक भाऊसाहेब असतातच. मालकाला वाटतं हा कामगारांना सामील आहे. कामगारांची खात्री असते की हा मालकाचा माणूस. दोघंही आपल्यावर नाराज आहेत म्हणजे हिशेब बरोबर, असं भाऊसाहेब धरून चालतात.

त्यांचं पंचांग महिन्याच्या सात तारखेला संपतं. हजाराच्या आत कामगार असतील तर पगार सातच्या आत झाला पाहिजे, हे १९३६ च्या कायद्याने ठरवलं आणि भाऊसाहेबांच्या अंगात मुरलं. घरचा दूधवाला आणि पेपरवालाही सातच्या आत पैसे घेऊन जातात. सही करून.

खरे रंगतात ते ओटीवर. ओटी दुप्पट, हे गेटवरचा चहावालाही सांगेल. दुप्पट कशाच्या, इथं मारामारी. मालक म्हणतो, नुसत्या बेसिकच्या. भाऊसाहेब चष्मा कपाळावर नेतात. "बेसिक आणि भत्ते, साहेब. कारखाना कायदा, कलम ५९."

"मग ओटीऐवजी एक दिवस सुट्टी देऊन टाका!"

"रविवारी बोलावलं तर बदली सुट्टी. जादा तासांचे मात्र पैसेच."

साहेब फोन उचलतात. कोणाचा आलेला नसतो.

फेब्रुवारीत उलटी वरात. व्यवसाय कर अकरा महिने २०० रुपये आणि नेमका अठ्ठावीस दिवसांच्या महिन्यात ३०० कापला जातो. खिडकीवर आरडाओरडा होतो. भाऊसाहेब शांतपणे अकरा गुणिले दोनशे करून दाखवतात, तीनशे मिळवतात, आणि वर्षाला २५०० च्या पुढे जायचं नाही हे थेट राज्यघटनेत आहे असं सांगतात. घटनेचं नाव निघालं की रांग पुढे सरकते.

घरी कामवाल्या मावशींच्या हातून काचेचा बाउल फुटला. वहिनी म्हणाल्या, पगारातून कापते. भाऊसाहेबांनी पेपर खाली ठेवला. नुकसानीची कपात करण्याआधी कामगाराला बाजू मांडायची संधी द्यावी लागते! मावशींनी बाजू मांडली: बाउलला आधीच तडा होता. प्रकरण निकाली. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर सुतक आलं. पाठ केलेली कलमं एका दिवसात माजी झाली. पण रात्री वाचत बसले तर ओटी दुप्पटच, सात तारीखही जागेवर. वर नवीन काय, तर भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त दाखवले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. बेसिक चिमूटभर आणि भत्ते टोपलीभर, ही साहेबांची जुनी कला बुडाली. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये भाऊसाहेबांनी स्वतःच्या पैशाने चहा पाजला. असं पूर्वी घडल्याची नोंद मस्टरवर नाही.

एक ते सात तारखेपर्यंत भाऊसाहेब स्वतः रात्री नऊपर्यंत खिडकीत असतात. त्यांना ओटी नाही. जुन्या कायद्यात गोपनीय पदावरच्या माणसाला तासांच्या हिशेबातून वगळायची सोय होती, ती कंपनीने त्यांच्यापुरती बरोबर शोधून काढली. पगारपत्रक गोपनीय, म्हणून भाऊसाहेब गोपनीय. कोणाला किती मिळतं हे कॅन्टीनच्या पोऱ्यालाही पाठ आहे, ही गोष्ट वेगळी.

तुमच्या स्लिपवर ओटीचे तास कमी दिसत असतील तर खिडकीशी जरूर जा. भाऊसाहेब शेवटच्या मिनिटापर्यंत हिशेब काढून देतील. फक्त आठ तारखेनंतर जा.